भिंतीखालचा पाझर

पारनेर,
९ एप्रिल १९७३

चि. शरू,

अनेक आशीर्वाद. तू, लीना आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालते. आम्ही इथे जसे आहोत तसे आहोत. शाळेच्या विहिरीने तळ दाखवलाय, टँकर त्याच्या मर्जीने येतो आणि पोरी दप्तराबरोबर कळशी घेऊनच वर्गात बसतात. हे झालं कुशल.

आता मुद्द्याचं. काल नामकरण समितीचे गोरक्षनाथ घरी आले. आपल्या वाडीजवळच्या ओढ्यावर दुष्काळी कामातून पाझर तलाव होतो आहे, त्याला म्हणे आप्पांचं नाव द्यायचं ठरलंय. एक मेला पाटी लागणार. निमंत्रणपत्रिकेत आप्पांना 'ऋषितुल्य, निर्भीड शास्त्रज्ञ' म्हटलंय आणि खाली 'कुटुंबीयांच्या संमतीने' असंही छापलंय. कुटुंबीय म्हणजे कोण रे? मला कुणी विचारलं नाही. आई तर कधीच गेली. उरलास तू. तुझं नाव कुणीतरी परस्पर घातलं असणार, असं मी तूर्त समजते आहे.

ऋषितुल्य! जिवंत होते तेव्हा हेच लोक त्यांना मातीमास्तर म्हणून हसायचे. विलायतेहून शिकून आलेला माणूस रस्त्यात थांबतो, चिमूटभर माती उचलतो, ओली करून तळहातावर वळत बसतो, म्हणून चेष्टा. मातीचंही शास्त्र असतं हे तेव्हा आपल्याकडे कुणाला ठाऊक होतं? कॉलेजने त्यांना प्रयोगशाळा म्हणून दिली ती घोड्यांची जुनी पागा. तिथे काचेच्या नळ्यांत माती भरून त्यांनी वर्षानुवर्षं एकच गोष्ट मोजली. पाणी मातीच्या कणांमधून कशी वाट काढतं, आणि किती जोर झाला की त्या कणांनाच बरोबर घेऊन निघतं. त्यांचं ते सूत्र परदेशातल्या पुस्तकांत त्यांच्या नावाने शिकवतात. इथे त्यांच्या नावाची गरज पडली ती पाटीसाठी.

आणि आपण दोघं त्यांचे पहिले विद्यार्थी. शेवया करायला बसवावं तसं अंगणात बसवून मातीच्या वळ्या करायला लावायचे. "वळी झाली तर ही माती पाणी धरील, तुटली तर सोडील." तुझी वळी माझ्यापेक्षा बारीक व्हायची. तुझं कौतुक व्हायचं आणि मी जळायचे. तू इंजिनियर झालास तो त्या वळ्यांमुळे, विसरू नकोस.

*

सकाळी इथवर लिहून ठेवलं आणि शाळा सुटल्यावर तलावाच्या कामावर जाऊन आले. जायला नको होतं.

भिंत पुरुषभर उंच झाली आहे. पण पायाचा चर कुठे आहे, शरू? आधी कठीण खडक लागेपर्यंत चर खणायचा, तो काळ्या मातीने ठासून भरायचा आणि मग वर भिंत घालायची, हे मी तुला सांगायचं का? इथे सुट्या मुरमावर सरळ भराव टाकत सुटलेत. मी ओव्हरसियरला विचारलं. तो हसला. म्हणाला, "बाई, नावच पाझर तलाव. पाझरला तर बिघडलं कुठं?"

माझा हात शिवशिवला होता, खरं सांगते. तळातून पाझरलं तर खालच्या विहिरींना पाणी येतं. भिंतीखालून पाझरलं तर आधी गढूळ धार येते आणि मग भिंतच येते. आप्पांनी जन्मभर ओरडून सांगितलं ते एवढंच, आणि त्यांच्याच नावाच्या तलावावर मला हे ऐकावं लागलं.

वर मला ऐकवतो की लोकांच्या हाताला काम हवं म्हणून घाई आहे. काम हवंच आहे, मला दिसत नाही का? पण चर खणायला काय भुतं येतात? त्यालाही माणसंच लागतात. फरक इतकाच की चर बुजला की दिसत नाही. पाहुण्यांना दाखवता येते ती भिंत.

भिंतीच्या खालच्या अंगाला कडूबाईची वस्ती आहे. आपल्याकडे दूध घालायची तीच कडूबाई. म्हैस विकली, आता खडी फोडते. मला बघून उठून आली.

"बाई, तुमचा भाऊ आल्ता की गुरुवारी जीपमंदी. म्या लगीच वळाखला, नाक तुमच्यावानीच हाय. चौघं संगं हुती. भिताडाकडं बघितलं, मान हालवली अन् गेला. घरी आल्ता न्हवं?"

"आला होता," मी म्हटलं. "जेवून गेला."

म्हणजे तुला सगळं ठाऊक आहे. तू येऊन पाहिलंस, चर नाही हे तुझ्या नजरेतून सुटलं नाही, आणि तू मान हलवलीस. माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर. चहाला आला नाहीस याचं मला काही नाही (आहे, पण ते राहू दे). तू आला नाहीस कारण मी विचारलं असतं.

मग 'निर्भीड' हा शब्द वाचताना तुला काहीच झालं नाही? ते मोठं धरण फुटलं त्याची चौकशी विसरलास? पाणी भरणं थांबवा म्हणून आप्पांनी आधीच बजावलं होतं. साक्षीला बोलावलं तेव्हा तू याच पाटबंधारे खात्यात नवा होतास. आदल्या संध्याकाळी तू ओसरीवर त्यांना म्हणालास, "आप्पा, तुम्ही बोलून मोकळे व्हाल, मला तिथेच नोकरी करायची आहे." मी दारामागे उभी होते. दुसऱ्या दिवशी आप्पा "निश्चित काही सांगता येत नाही" एवढंच सांगून परत आले. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी माती हातात घेतली नाही. लोकांना वाटलं, म्हातारपण. मी कुणाला बोलले नाही, लीनालाही नाही.

जन्मात एकदा ते गप्प बसले, ते तुझ्यासाठी. त्या गप्प बसण्यावर तू भिंत बांधतोस आणि वर त्यांच्या नावाची पाटी लावतोस? लाज वाटू दे, शरू.

आता तू बोल. भिंत उकलावी लागली तर उकल, चर खण, मग काय ती पाटी लाव. तुझी बदली करतील, करू देत. तू बोलला नाहीस तर एक मेला मंडपात मी बोलेन, आणि वस्तीवर तर उद्याच जाऊन सांगणार आहे. त्यांना पावसाआधी कळायलाच हवं.

सोबत पुडीत भिंतीच्या पायथ्याची माती आहे. ओली कर आणि तळहातावर वळ. मी करून पाहिली. तुझा हात माझ्याहून चांगला, तुझी होते का बघ.

लहानपणी तू तोंड पाडून बसलास की मी विरघळायचे. या खेपेला मला पाझर फुटायचा नाही. वळी झाली नाही तर चर खणायला ये आणि त्या दिवशी घरी जेव. कडूबाईशी मी खोटं बोलले आहे, तेवढं खरं कर.

'तुझी ताई' त्या दिवशी लिहीन. तूर्त फक्त आप्पांची मुलगी,

दमयंती