ठराव मंजूर, सभा बाकी

२ जून
आजपासून रोजनिशी नियमित. संकल्प दोन: तंबाखू बंद, गावाचं भलं.
आपली शाळा सातवीवर संपते. आठवीसाठी ग्रामसभेचा ठराव हवा. शंभर मतदार हजर हवेत. सभा ९ तारखेला, प्रस्तावाची मुदत १० पर्यंत. शेळ्या राखणारी बबिता दारी आली. म्हणाली, "भाऊ, तुमी पेपरवाले. माह्या पोरीला, संस्कृतीला, चौसाळ्याच्या शाळंत एकटी धाडायला तिचा बाप न्हाई म्हणतो. गावात आठवी न्हाई झाली तर शेळ्यामागंच." तिला संस्कृतात आश्वासन दिलं. कळलं नसावं, पण धीर आला असावा.

५ जून
तंबाखू सोमवारपासून. सभेचा घरोघर प्रचार करणार होतो, पण ऊन. बबिताच फिरली. एकशे बारा जण येतो म्हणालेत. माझ्या वजनाचा परिणाम.

८ जून, दुपारी ४
घोटाळा. १० तारखेच्या अंकात कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या जाहिराती येणार, बातमीला बोटभर जागा नाही. म्हणून उद्याच्या सभेची बातमी आजच धाडली: 'आठवीच्या वर्गाचा ठराव एकमताने मंजूर, टाळ्यांचा कडकडाट.' उद्घाटनांच्या बातम्या आम्ही अशाच देतो. याला दूरदृष्टी म्हणतात.

९ जून, सकाळी ७
चार कॉलम! फोटो मागच्या सभेचा, पण गर्दी चांगली. गावाच्या ग्रुपवर टाकली. अंगठेच अंगठे.

९ जून, दुपारी २
सभेला सोळा माणसं. पैकी चार सावलीला आलेली. ग्रामसेवकांनी शिपाई भागवतला घरोघर पिटाळलं. तो रतनबाईंचा निरोप घेऊन आला: "कावून येऊ? झाली न सभा! टाळ्याबी वाजल्या म्हणं." बाकीच्यांचंही तेच.
सरपंच मोहनराव खुशीत. त्यांच्या जावयाची चौसाळ्यात इंग्लिश शाळा आहे, व्हॅनसकट. म्हणाले, "पंडित, म्या विरोधाचं भाषण पाठ केलतं बे. वाया घालवलंस."
सभा तहकूब. पुढची आठ दिवसांनी. मुदत उद्या संपते. बबिता पुढच्या रांगेत, ठेवणीतलं लुगडं नेसून, बसूनच राहिली.
निष्कर्ष: समाज छापलेलं फार मनावर घेतो.

१० जून
बातमीचा खुलासा पाठवावा का? विश्वासार्हतेला तडा जाईल. न पाठवण्याचा संकल्प केला. पाळलाही.

१६ जून
शाळा उघडली. संस्कृती बातमीचं कात्रण घेऊन गेली होती म्हणे. मुख्याध्यापिका सत्यशीला बाईंनी ते दोनदा वाचलं, सातवीचा दाखला हातात दिला आणि घरी पाठवलं.
संध्याकाळी बबिता अंगणात. ओरडेल वाटलं होतं. हळूच विचारलं, "भाऊ, आठवी पेपरात हाय, शाळंत न्हाई. मग पोरगी कुठं बसवू?"
चौकशी करतो म्हणालो आणि दार लावून घेतलं.
बाहेर शेळ्या हाकल्याचा आवाज आला. बबिताचा नव्हता, कोवळा होता.