माझं एन्झाइम कापत नाही

३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. मोजकं. शास्त्रज्ञाने शब्द वाया घालवू नयेत.
लॅबमध्ये नवी मुलगी आली. पीएचडी मोठ्या लॅबमधून केलेली. मॅडमनी तिला खिडकीजवळचं टेबल दिलं. ते टेबल मी कित्येक वर्षं मागतोय. पण मला खिडकीची तशी गरज नाही. उजेडाने लक्ष उडतं.
ती मला दादा म्हणाली. सर चाललं असतं.

५ फेब्रुवारी
मॅडमनी आम्हा दोघांना एकच काम दिलं. बालरोग विभागातल्या डॉक्टरांची एक पेशंट आहे, सात वर्षांची. लोहाचं औषध पिऊन पिऊन तिचे दात काळे पडले, तरी रक्त वाढत नाही. बाविसाव्या गुणसूत्रावर टीएमपीआरएसएस-सिक्स नावाचं जनुक असतं. तिच्या दोन्ही प्रतींमध्ये त्याचं एक अक्षर बदललेलं आहे. त्यामुळे त्या जनुकापासून बनणारं एन्झाइम बिघडलं का, हे आम्ही सांगायचं. बिघडलं असेल तर तोंडाने दिलेलं लोह फुकट, शिरेतून द्यावं लागेल. डॉक्टर आमच्या उत्तरासाठी थांबलेत.
जूनमध्ये कायमची एक जागा निघणार आहे. मॅडम म्हणाल्या, बघू या कोणाचं आधी होतंय. मला इशारा कळतो.

८ फेब्रुवारी
सासूबाईंचा फोन. जावई नेमकं काय करतात, असं त्यांना कोणीतरी विचारलं होतं. सोपं करून सांगितलं. यकृत हेपसिडिन नावाचं हार्मोन सोडतं. ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. आमचं एन्झाइम यकृताच्या पेशीवर बसतं आणि हेपसिडिन वाढवायला लावणारं प्रथिन कापून टाकतं. मग हेपसिडिन कमी होतं आणि लोह आत येतं. ते कापणं थांबलं की माणूस जेवतो, पण लोह अंगी लागत नाही.
सासूबाई खूश. म्हणाल्या, आता सगळ्यांना सांगते, आमचे जावई प्रथिनं कापतात.

१७ फेब्रुवारी
पहिला प्रयोग. पेशी फोडून एन्झाइम काढायचं आणि त्यात प्रथिन घालायचं. आधी नॉर्मल एन्झाइम कापतं हे दाखवायचं, मग पेशंट मुलीचं तपासायचं. जेलच्या पातळ थरावर प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात; अख्खं वर दिसतं, कापलेला तुकडा खाली.
खाली काही नाही. नॉर्मल एन्झाइमने कापलं नाही. थंडी असावी.

२४ फेब्रुवारी
पुन्हा केलं. कापलं नाही.
मी काम अतिशय काळजीने करतो. मागच्या प्रोजेक्टमध्ये माझं प्रथिन सारखं कुजायचं, तेव्हापासून बफरच्या द्रावणात इनहिबिटरची गोळी टाकल्याशिवाय मी पेशी फोडत नाही. पेशीतली सगळी कापाकापी तिने जागच्या जागी थांबते. एक पुरते, मी दोन टाकतो. नवीन मुलं आळशी. तिच्या टेबलावर गोळ्यांची बाटलीसुद्धा नाही.

२ मार्च
तिचं एन्झाइम कापतं म्हणे. सगळे तिच्या टेबलाभोवती जमले होते. मी लांबून पाहिलं. खाली तुकडा होता. ठळक होता. फारच ठळक होता. इतकं स्वच्छ जेल खऱ्या प्रयोगात येत नाही.
टेक्निशियन तिच्या विनोदावर हसला. माझ्या विनोदांवर तो मान हलवतो.

६ मार्च
आजपासून तिचा विचार करायचा नाही.
ती आज साडेनऊला आली. काल नऊ वाजून पाच मिनिटांनी आली होती.

११ मार्च
लॅबचं गेट-टुगेदर. बायको आली होती. बायको आणि ती अर्धा तास बोलत होत्या. घरी येताना बायको म्हणाली की मुलगी किती साधी आहे, आणि तुझ्याबद्दल किती आदराने बोलत होती. आदराने बोलणं हा डाव असतो, हे बायकोला कसं कळावं.
विचारलं, आदराने म्हणजे नेमकं काय म्हणाली. बायकोला आठवेना.

१५ मार्च
चौथ्यांदा कापलं नाही. आता शंका उरली नाही. नॉर्मल एन्झाइम मुळात कापतच नाही. जगभर लोक वर्षानुवर्षं चुकीचं छापत आलेत. हे माझ्याच वाट्याला यायचं होतं. पेपर मोठा होईल. मॅडमचं नाव शेवटी घालू.
डॉक्टरांचा फोन आला होता. मुलीला परत चक्कर आली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घाई करून चालणार नाही.

२० मार्च
प्रश्न उरतो तो तिच्या तुकड्याचा. उत्तर सोपं आहे. तिच्या बफरमध्ये बाहेरचं काहीतरी पडलंय आणि तेच कापतंय. हे सिद्ध करायचं.
दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिच्या बाटलीतून थोडं बफर घेतलं. ही चोरी नव्हे, तपासणी आहे.

२३ मार्च
सिद्ध झालं. तेच एन्झाइम, माझ्याच हातचं, फक्त पेशी तिच्या बफरमध्ये फोडल्या. तुकडा पडला. माझ्या बफरमध्ये पडत नाही, तिच्या बफरमध्ये पडतो. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोर्टातही मिळत नाही.
उद्या ग्रुप मीटिंगमध्ये मांडतो. आवाज शांत ठेवायचा. तिला अपमान वाटू द्यायचा नाही. मोठेपणा आपल्याकडे असावा.

२४ मार्च
मांडलं. आवाज शांत होता.
तिच्या बफरमध्ये बाहेरचं काहीतरी पडलंय हे सांगितलं. मॅडमनी विचारलं, दोन बफरमध्ये फरक काय. मी म्हटलं, काहीच नाही, मीठ तेच, पीएच तोच. फक्त ती इनहिबिटर टाकत नाही, मी टाकतो.
टेक्निशियनने पेन खाली ठेवलं.
मॅडम हळू म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही त्याचे हात बांधता आणि मग विचारता, कापत का नाहीस?"
ती मुलगी खाली बघत होती. हसत नव्हती. हसली असती तर बरं झालं असतं.
मीटिंग नंतर लवकर आटोपली.

२५ मार्च
विचार केला तर कालची मीटिंग वाईट झाली नाही. सगळ्यांचं लक्ष माझ्यावर होतं.
ती चहाच्या मशीनपाशी भेटली. म्हणाली, "दादा, माझ्याकडूनही पहिल्या वर्षी हेच झालं होतं." पहिल्या वर्षी. माझं अकरावं चालू आहे, हे तिला माहीत आहे.

२ एप्रिल
गोळ्या न टाकता प्रयोग केला. कापतं.
ती तोवर पुढे गेली होती. पेशंट मुलीचं बदललेलं एन्झाइम तिने तीनदा तपासलं. ते कापत नाही, गोळी नसतानाही नाही. मॅडमनी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवलं.
माझे निकालही तिच्याशी जुळतात. म्हणजे तिचे माझ्याशी जुळतात.

९ मे
डॉक्टर स्वतः लॅबमध्ये आले. मुलीला शिरेतून लोह दिलं, रक्त वाढतंय. जिना न थांबता चढली म्हणे. डॉक्टरांनी आधी लॅबमधल्या नव्या मुलीचा हात हातात घेतला, मग मॅडमचा. मी सेंट्रिफ्यूज पुसत होतो. त्यांनी मला विचारलं, बाथरूम कुठे आहे.
मुलगी चढली हे चांगलं झालं. एकदा लिहून ठेवतो, म्हणजे कोणी म्हणायला नको.

१४ जून
जागा तिला मिळाली.
मी अर्ज केला होता, पण मनापासून नव्हता. कायमच्या नोकरीत माणूस गंजतो. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. बायको म्हणाली, मीच सांगते. कधी सांगणार ते म्हणाली नाही.
मॅडमनी माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरपर्यंत वाढवलं.

२८ जून
पेपरचा मसुदा आला. तिचं नाव पहिलं, शेवटी मॅडम. माझं मधे, टेक्निशियनच्या नंतर.
पण चित्र दोनमध्ये मी आहे. मॅडमनी माझं फेब्रुवारीतलं जेल मागून घेतलं. इनहिबिटरने कापणं थांबतं हे दाखवायला जेलवरची एक उभी रांग हवी होती. इतकी पूर्ण बंद पडलेली रांग दुसऱ्या कोणाला जमली नाही, असं त्या म्हणाल्या. ती मुलगीही म्हणाली. आदराने म्हणाली.
जेवण झाल्यावर बायकोला चित्र दाखवलं. पहिली रांग नॉर्मल एन्झाइम, खाली तुकडा. दुसरी पेशंट मुलीचं. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, यात तुझं कुठलं.
तिसऱ्या रांगेत, जिथे तुकडा पडायला हवा होता तिथे, मी बोट ठेवलं.
ती म्हणाली, "इथे तर काहीच नाही."
मी म्हटलं, तेच माझं.