नववा टोला

मुरबाड, ६ जानेवारी

ती. आजोबांस,
भाविकाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारी जमतात, म्हणून पत्र. मी फार वैतागले आहे. शहापूरच्या कॉलेजातल्या चॅपलची घंटा तुम्ही तीस वर्षं वाजवलीत. शताब्दीच्या हौसेपायी तिला आता यंत्र बसवलंय. सकाळी नवाच्या प्रार्थनेला नऊ टोले धडाधड पडतात. नवव्याला दार बंद, ही म्हणे संस्थापक पाद्रीसाहेबांची परंपरा. बाहेर राहिला त्याची दिवसाची हजेरी गेली. मुरबाडची एसटी नाक्यावर वळते तीच नवाला. मी धापा टाकत पोचते तर तोंडावर दार!

अजून दहा दिवस गेले तर परीक्षेला बसू देणार नाहीत. आई याच एसटीनं जायची ना? मग तिची हजेरी कशी भरली?

तब्येत जपा, माया असू द्या.
भाविका

कसारा, १० जानेवारी

चि. भाविकास,
आजोबाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईची हजेरी भरली ती माझ्या लबाडीनं. आठ टोले मी वेळेवर द्यायचो. मग दोर धरून मनोऱ्याच्या खिडकीतून नाक्याकडे बघत बसायचो. एसटी आली, मुरबाडची पोरं आत शिरली, की नववा. कधी तीन मिनिटं, कधी दहा. आतल्यांना वाटे, मध्ये गप्प बसणं ही साहेबाची रीत. बिचारे डोळे मिटून बसायचे!

प्रिन्सिपल रागावले की सांगायचो, दोर अडकतो साहेब, आमी काय करनार. असे तीन प्रिन्सिपल झाले. दर जूनला नवा दोर यायचा आणि अडकायचा.

हे लिहून द्यायचं म्हणजे म्हातारपणी खोटारडा ठरायचं. तुझा पंकजमामा नको म्हणतो. पण तुझं वर्ष जातंय. सोबत सही केलेली चिठ्ठी आहे, ती प्रिन्सिपलांना दे.

आईला सांग, लोभ आहे पण त्या यंत्राचा राग येतोय.
आजोबा

मुरबाड, २१ जानेवारी

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमची चिठ्ठी वाचून प्रिन्सिपल खूश झाले. हरवलेली परंपरा सापडली म्हणाले. शताब्दीच्या पुस्तकात छापून आलं की संस्थापक साहेब दूरच्या मुलांसाठी नववा टोला थांबवत. तुमचं नाव कुठेच नाही. मी म्हटलं, साहेब वारले तेव्हा मुरबाडला एसटीच नव्हती. तर मलाच सांगितलं की मोठ्या माणसांच्या गोष्टीत असं खुसपट काढू नये.

आता यंत्र आठ टोल्यांनंतर बरोब्बर चार मिनिटं थांबतं. सगळे डोळे मिटून बसतात. काल सरळगावला ट्रक आडवा झाला आणि एसटी सहा मिनिटं उशिरा आली. परत तोंडावर दार. आता एकच दिवस हाताशी आहे. मी दाराबाहेर उभी राहून रडले, आजोबा.

तुमच्या मायेची गरज असलेली,
भाविका

कसारा, २३ जानेवारी

चि. भाविकास,
आशीर्वाद.

नाव गेलं तर जाऊ दे. पण चार मिनिटं कुणी ठरवली? एसटी काय त्यांना विचारून येते?

सोमवारी आठलाच मी मनोऱ्यात चढून बसणार आहे. यंत्राची वायर मला कळत नाही, पण पंकज रेल्वेत सिग्नलचं काम करतो, तो सोबत येतोय. कालपर्यंत नको म्हणत होता. तुझं पत्र वाचलं आणि स्वतःच पिशवीत पक्कड टाकली. खाली उतरवायला कोण येतो ते बघूच.

लोभ ठेव, आणि नाक्यावर उतरलीस की धावू नको.
आजोबा