मेलेल्याला दिलेला शब्द

प्रिय मामा,

उद्या सकाळी टेम्पो येणार आहे, म्हणून आज लिहायला बसलोय. उद्यानंतर ह्या पत्राला काही अर्थ राहणार नाही.

संदीपदादा मामींना कायमचं पुण्याला घेऊन चाललाय. त्यांचं शिलाई मशीनसुद्धा विकायला काढलंय. आणि हे सगळं झालं एका कावळ्यामुळे! थांबा, सुरुवातीपासून सांगतो. नाहीतर तुम्ही नेहमीसारखं मधेच विचाराल, "हा कोण? हा कुणाकडचा?"

आठवतंय, पहिल्यांदा डायलिसिसला मी तुम्हाला घेऊन गेलो तेव्हा? कॉलेज सुटल्यापासून मी रिकामाच होतो. आई म्हणाली, मामाला नेत-आणत जा, तेवढाच उपयोग. डाव्या हातात सुया, तो हात हलवायचा नाही, आणि छताकडे बघत पडून राहायचं. मला ते बघवेना. मी मोबाइल तुमच्यासमोर धरला, एक इअरफोन तुमच्या कानात, एक माझ्या.

"कार्टून दाखवतो का मला? मी काय लहान पोरगं हाय?"

"कार्टून नाही मामा, ॲनिमे. जपानचा इतिहास आहे. सामुराई."

पाच मिनिटांत एका सरदाराचं मुंडकं उडालं आणि तुम्ही उशीवरून मान वर केलीत. "हे पोरांसाठी हाय?" त्या दिवसापासून गाडीवर बसायच्या आधी तुमचा पहिला प्रश्न एकच, मोबाइल चार्ज हाय का.

सबटायटल्स इंग्रजी. मी कानाशी मराठीत सांगत जायचो. सिस्टर ओरडायची, "काका, बीपी बघा कुठे गेलंय! मारामारी बंद करा नाहीतर मोबाइल काढून घेईन."

"मारामारी नाय सिस्टर, आता ते जेवताहेत."

मामा, किती भांडलो आपण त्या मालिकांवरून! मला ती बर्फातल्या किल्ल्याची सगळ्यात आवडायची. दोन माणसं समोरासमोर उभी, कुणी हलत नाही, फक्त तलवारीच्या पात्यावर बर्फ साचतोय. माझ्या अंगावर काटा यायचा. आणि तुम्ही? "हा तलवार काढतोय का मी झोपू?" आणि खरंच झोपायचात. उठल्यावर वर म्हणायचात, "चांगला झाला भाग." काय बघितलंत हो तुम्ही त्यात?

वार करताना जे आपल्या डावाचं नाव ओरडतात, ते सगळे सामुराई मला फालतू वाटायचे. अजूनही वाटतात. इतिहासाची मालिका मला तेव्हाच खरी वाटते, जेव्हा तलवार हातात जड दिसते आणि मारून झाल्यावर मारणाऱ्याचा हात थरथरतो. हे मी तुम्हाला किती पोटतिडकीने सांगत होतो, आणि तुमचं लक्ष किल्ल्याच्या दरवाज्यावर. "तो पहारेकरी पहिल्या भागापासून उभाच हाय रे. त्याला रिलीव्हर नाय का?" तुमची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनपाशी गेलेली. दुसरा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हे तुमच्या हाडात मुरलेलं. मग भातावरून. "एवढा भात हाणतात, पण लावणी करताना एकबी माणूस नाय दिसला." मी चिडून म्हणालो होतो, हे इज्जतीबद्दल आहे, शेतीबद्दल नाही. तुम्ही म्हणालात, "इज्जत कोण शिजवतं?" शेजारच्या बेडवरचे काका हसले. मला तेव्हा खूप राग आला होता. आता वाटतं, अजून थोडं भांडायला हवं होतं.

पण खरी लढाई झाली ती नदीकाठच्या सामुराईवरून.

त्याचा मालक मरताना त्याच्याकडून शब्द घेतो, नदी ओलांडायचा हा उतार सोडून जाऊ नकोस. आणि तो उभा राहतो. लढाई संपते, राज्य बदलतं, बंदुका येतात, उतारावर पूल होतो. तरी हा उभाच. समोर एक चहाचं दुकान. ते चालवणारी बाई रोज त्याच्याकडे बघते, आणि हा तिच्याशी कधी एक शब्द बोलत नाही. शेवटी ती म्हातारी होते आणि हा उभ्या उभ्या मरतो. मी रडलो होतो, मामा. तुम्ही त्याचं नाव 'खांब' ठेवलं होतंत.

"मूर्ख हाय हा खांब."

"मामा, त्याने शब्द दिलाय!"

"कुणाला? मालक मेला ना त्याचा?"

"म्हणून तर! जिवंत माणूस म्हणू शकतो, जा, सोडला तुला. मेलेला कसा सोडवणार?"

"मंग जिवंतांनी सोडवायचं. ती बाई समोर बसून म्हातारी झाली. ह्या खांबाने एकदा तरी विचारलं का तिला, बाई, तुझं काय?"

मी म्हणालो, तुम्हाला नाही कळायचं. आणि घरी येईपर्यंत गाडीवर तुमच्याशी बोललो नाही.

तुम्ही काय सुचवत होतात ते मला कळत होतं म्हणून तर राग आला. मला आवडणाऱ्या केतकीवरून एकजण घाण बोलला, मी त्याला कॉलेजच्या जिन्यात धरून हाणला. माफी लिहून दे म्हणाले, मी नाही दिली. कॉलेज संपलं. मला वाटलं होतं, निदान तिला तरी कळेल! ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं? आता सगळ्या कॉलेजला माझं नाव कळलं." तेव्हापासून बोलणं बंद. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही माझी बाजू घ्यायची सोडून म्हणालात, "पोरगी शहाणी हाय." अजूनही द्वारका चौकातल्या सिग्नलला तिच्यासारखी स्कूटी दिसली की हिरवा दिवा लागलेला मला दिसत नाही, मागचे हॉर्न मारतात. हे मी कुणाला सांगू आता?

तुम्ही गेलात ते किती साध्या दुपारी! डायलिसिस करून आणलं, तुम्ही चहा मागितलात. मामींनी मशीनवरचं ब्लाउज बाजूला ठेवलं, आत गेल्या, चहा घेऊन आल्या. तेवढ्यात तुम्ही गेला होतात. त्या बराच वेळ कप हातात धरून उभ्या होत्या. कुणी तो हातातून काढून घेतला, मला आठवत नाही.

दहाव्याला आम्ही रामकुंडावर गेलो. मामी घरीच होत्या. पिंड मांडला आणि मागे सरून थांबलो. रामकुंडावर कावळ्यांना काय तोटा! पण त्या दिवशी एक खाली उतरेना. समोरच्या भिंतीवर ओळीने बसले होते, नुसते बघत. ऊन वाढत चाललं. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल, बोला."

मग सुरू झालं. एक म्हणाला, वणीला तुमच्या नावाने जेवण घालू. एक म्हणाला, शेताच्या बांधाचं भांडण मिटवू. कावळे हलेनात. तुमचे चुलतभाऊ बाळूकाका माझ्याकडे वळले.

"पंक्या, मामाचा जीव तुझ्यात होता. म्हण, कॉलेज पुरं करतो."

मी भिंतीवरचे कावळे मोजू लागलो.

"म्हण ना! तुझं काय जातंय?"

काय जातंय? मामा, त्या माणसाला मी काय सांगणार होतो? मला कॉलेजला जायचं नव्हतं. तुमच्यासमोर, तुमच्या पिंडासमोर मी खोटा शब्द कसा देऊ? तुम्ही मला कधी कॉलेजला जा म्हणालासुद्धा नव्हतात. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू तुमचा जीव मीच मुठीत धरून ठेवलाय.

तेवढ्यात संदीपदादा पुढे झाला. हात जोडले. "बाबा, आईला एकटं ठेवणार नाही. पुण्याला घेऊन जातो."

आणि कावळा उतरला!

"बघा! बघा!" सगळे एकदम. दादा ओक्साबोक्शी रडला. मीही रडलो, खोटं कशाला सांगू. त्या क्षणी मलाही वाटलं, तुम्हीच आलात.

घाटावरूनच मामींना फोन गेला, शिवला म्हणून. दादाने काय शब्द दिला तेही सांगितलं. त्या म्हणे एवढंच म्हणाल्या, "बरं."

मामा, दादा वाईट नाही. त्याने मनापासून शब्द दिलाय. तिकडे आईसाठी खोलीला रंगसुद्धा लावून घेतलाय. पण तेव्हापासून मी मामींना बघतोय. गल्लीतल्या बायका फॉल-पिकोला दिलेल्या साड्या परत न्यायला येतात. मामी त्या तशाच घडी करून हातात देतात. "आता नाही होणार गं." ज्या दारात दिवसभर बायकांची ये-जा, कुणाचं काज, कुणाचं हुक, कुणाच्या सुनेची तक्रार, ते दार दुपारी बंद असतं. दादा म्हणतो, "आई, तिकडे चौथ्या मजल्यावर मशीन कशाला? आता आराम कर." मामी मान हलवतात. ती मान हो म्हणते की नुसती हलते, मला कळत नाही.

काल मला राहवलं नाही. मी दादाला म्हणालो, "कावळ्याला भूक लागली होती, म्हणून आला तो!"

"तू तर बोलूच नकोस. तुझ्या हट्टापायी बाबा तेवढा वेळ ताटकळले."

मी त्याची कॉलर धरली. हो, धरली. मामी आतून आल्या, दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. "माझ्या घरात हे नको," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

माझ्या घरात. असं म्हणाल्या त्या, मामा. दादाने ऐकलं का? मला वाटतं, नाही ऐकलं.

रात्रभर मी दादावर चडफडत होतो. तुला तिला विचारता येत नव्हतं का? मुलगा आहेस ना तिचा? आणि सकाळी दात घासताना लक्षात आलं, मी तरी कुठे विचारलंय? कॉलर धरली, ओरडलो, कावळ्याला शिव्या घातल्या. पण मामींसमोर बसून, मामी, तुम्हाला काय हवंय, हे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. केतकीच्या वेळी तेच, आता तेच. मला भांडता येतं, मामा. विचारताच येत नाही. विचारलं की समोरचं माणूस भलतंच काहीतरी म्हणू शकतं ना!

समजा मामी म्हणाल्या, मला जायचंय? समजा तुमच्याशिवाय त्या घरात त्यांना खरंच बसवत नसेल? मग मी काय करू? ते घर गेलं की नाशिकमध्ये तुम्ही कुठे भेटणार मला? बघा, ह्यातही माझंच आलं.

तुमचं-माझं भांडण अर्धंच राहिलं. मेलेल्याला दिलेला शब्द मोडता येतो का? मी म्हणायचो, नाही. आज पहिल्यांदा वाटतंय, तुमचं बरोबर निघावं. दादाला कुणीतरी सांगायला हवं, की बाबांनी सोडलं तुला. ते सांगायचा अधिकार ज्या एकाच माणसाला आहे, त्या मामींना कुणी घाटावर नेलंच नव्हतं.

तर मामा, रामकुंडावर जो शब्द द्यायला मी तोंड उघडलं नाही, त्याऐवजी हा घ्या. कॉलेजचा नाही, तो अजूनही खोटाच होईल. उद्या टेम्पोवाला यायच्या आधी मी तुमच्या घरी जाईन. दादाला हाक मारून शेजारी बसवेन आणि त्याच्यासमोर मामींना विचारेन. त्या जाते म्हणाल्या, तर मशीन स्वतः उचलून टेम्पोत चढवेन, पुण्यापर्यंत सांभाळून नेईन, विकू देणार नाही. राहते म्हणाल्या, तर टेम्पोवाल्याला मी परत पाठवेन आणि दादाच्या शिव्या खाईन, हात न उचलता.

आणि उत्तर द्यायला त्यांना कितीही वेळ लागला, तरी मी मधे बोलणार नाही.

तुमचा भाचा,
पंकज