डावा हात, उजवा हात

१४ ऑक्टोबर

पेंग सरांनी आज शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर फर्मान काढलं — पुढच्या महिन्यात नमुना पाठांच्या स्पर्धेसाठी शहरातून परीक्षक येणार, आठवीचा इंग्रजीचा नमुना पाठ श्यांग बाईंनी घ्यायचा. म्हणजे मी! पूर्ण तास एकाच शब्दावर — 'ऑनेस्ट'. अर्थ, वापर, कुठे शोभतो, कुठे नाही.

खूश झाले, खोटं कशाला लिहू? आमची पोरं या शब्दाचं एकच वाक्य पाठ करतात — 'तो प्रामाणिक मुलगा आहे'. झालं, संपलं! चेहराही ऑनेस्ट असतो, कमाईही असते, 'खरं सांगायचं तर' म्हणतानाही हाच शब्द लागतो — हे त्यांच्या गावीच नाही. मनासारखं शिकवायला मिळणार.

"तुमच्या बढतीलाही बरं," सर जाता जाता म्हणाले. वर्षानुवर्षं अडकलेली माझी बढती!

१७ ऑक्टोबर

पहिली तालीम. पाठाची तालीम! सर मुख्याध्यापक कसले, नाटक कंपनीचे मालकच. "प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. बाई, तुम्ही फक्त उजव्या हातवाल्यांना उठवायचं. पाहुण्यांना हातच हात दिसले पाहिजेत!"

तियान लान्मेई मागच्या बाकावरून उठली. "पण सर, येत नाही तर हात वर कशाला करायचा?"

वर्ग फिदीफिदी हसला. सरही हसले. मला नाही हसू आलं. शिकवतोय कोणता शब्द आणि करतोय काय!

२१ ऑक्टोबर

आज उत्तरं वाटली. वर्गप्रमुख छिन यूहानला सगळ्यात लांब वाक्य. वर सरांनी तिला शिकवलं, "धाडकन बोलू नकोस. जरा अडखळ, छताकडे बघ, मग बोल." अडखळण्याचीसुद्धा तालीम!

घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याने मिरचीचा ठसका लागेपर्यंत हसून घेतलं. "मग तिकीट लाव की!" याच्याजवळ मन मोकळं करायला जाते ती मीच खुळी.

२८ ऑक्टोबर

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. सर म्हणतात, कच्ची पोरं त्या दिवशी वर्गात नकोत. मैदान झाडू देत. "ती तियानची पोर तर डावा हातसुद्धा वर करत नाही. आपली अब्रू घालवायची का?"

"माझ्या वर्गातली पोरं आहेत, सर."

"बढती हवी आहे ना, बाई?"

"हवी आहे."

"मग?"

मग काय! वह्या उचलल्या आणि वर्गावर गेले. भित्री कुठली!

२९ ऑक्टोबर

मधल्या सुट्टीत लान्मेई आली. वेणीचं टोक तोंडात.

"बाई, मी करते डावा हात वर. मला बाहेर नका काढू."

"इतकं काय आहे गं त्या पाठात?"

"तो शब्द मला अजून कळलाच नाही. तालमीत तुम्ही नुसती उत्तरं घेता. म्हटलं, खऱ्या पाठाला तरी शिकवाल."

थोबाडीत बसल्यासारखं झालं. इतक्या तालमी झाल्या — मी शिकवलं कधी?

तडक सरांकडे गेले. सांगितलं, सगळी पोरं बसणार, नाहीतर पाठ दुसऱ्या कुणाला द्या! सर टेबलावर पेन आपटत राहिले. शेवटी म्हणाले, "बसवा. पण त्यांच्यापैकी कुणाला उठवलंत तर बढती विसरा."

६ नोव्हेंबर

झाला पाठ. काय करून बसले मी!

मागे परीक्षक ओळीने, त्यांच्या शेजारी सर. हात अगदी ठरल्याप्रमाणे. यूहान काय सुंदर अडखळली! एक परीक्षक मान डोलवायला लागले आणि माझं डोकं फिरलं. लान्मेईचा डावा हात ताठ वर होता, बिचारीने शब्द पाळला होता. मी तिलाच उठवलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बाई, मला नाही येत."

सरांचा चेहरा पांढराफटक. मी ठरलेली उत्तरं दाखवणारा प्रोजेक्टरचा पडदा बंद केला, तिच्या बाकाशी गेले.

"तुझी आई बाजारात संत्री विकते ना? डागाळलेली कुठे ठेवते?"

"वरच. बाबा ओरडतात, खाली दडव म्हणून. ती म्हणते, गिऱ्हाईक काय आंधळं आहे?"

वर्ग हसला. ती लाजली.

"मग अशी विकून मिळवलेली कमाई कशी?"

तिने विचार केला. खरोखरचा! किती दिवसांनी माझ्या वर्गात कुणी विचार करताना दिसलं. मग इंग्रजीत बोलली, "माय मदर... मनी... ऑनेस्ट!" वाक्य मोडकंतोडकं, पण तिचं स्वतःचं. माझे डोळे भरून आले. निम्मा पाठ तसाच राहिला.

पाठ संपताच सर तडक निघून गेले. गेली बढती! जाऊ दे. एका पोरीला तरी कळलं.

९ नोव्हेंबर

पहिला क्रमांक!! माझा विश्वासच बसेना. सर संत्र्यांची पिशवी घेऊन घरी आले.

"छुपे रुस्तम निघालात, बाई! परीक्षक म्हणाले, 'न येणारी विद्यार्थिनी' ही काय कल्पना! आणि पोरीचा अभिनय! आम्हालासुद्धा पत्ता लागू दिला नाहीत?"

"अहो सर, बसवलेलं नव्हतं ते! तिला खरंच येत नव्हतं!"

"वा! प्रांताच्या फेरीतही अगदी असंच सांगायचं!" मांडीवर थाप मारून हसले. नवराही हसला. घसा फोडून सांगितलं, कुणी मानेचना! आता म्हणे तालुक्यातल्या प्रत्येक नमुना पाठात एक 'न येणारा' बसवणार आहेत. मेल्यांनो!

११ नोव्हेंबर

लान्मेई धावत आली. चेहरा नुसता फुललेला. सरांनी तिला पहिल्या बाकावर बसवलंय.

"बाई, आता मला येतं, तरी काळजी करू नका. 'नाही येत'ची मी घरी आरशासमोर तयारी केली. करून दाखवू?"

आणि करून दाखवलं. हुबेहूब.