वाढत्या अंगाच्या चोळ्या

कल्याण, कार्तिक व. ४, शके १८१०

तीर्थरूप सौ. अक्का हिचे सेवेसी, बालक हरिहर याचे शि. सा. न. वि. वि. इकडील वर्तमान यथास्थित म्हणायचं. मालधक्क्यावर गाठोडी मोजता मोजता पाठ धरते आणि घरी आलो की चुलीपुढे बसायचं. सगुणेची आई जाऊन दोन वर्षं झाली, गेल्या पंधरवड्यात श्राद्ध केलं. शेजारची बायजा धुणंभांडी करते म्हणून दिवस निघतात.

पत्र लिहिण्यास कारण की, शहाडहून व्याह्यांचा निरोप आला. विहीणबाईंचे सांधे धरले आहेत, हाताखाली कोणी नाही, तेव्हा संक्रांत झाली की माघात सगुणेला कायमची पाठवा म्हणतात. मी हो म्हटलं. लग्नाला दोन वर्षं झाली, पोरगी दहा पुरी झाली. तिकडे निदान डोक्यावर बाईमाणूस असेल. तू मागे तिला ठाण्याला ठेवून घेते म्हणालीस, पण तुझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. शिवाय लेक दिली एका घरी आणि ठेवली आत्याकडे, म्हणून लोक नावं ठेवतील ती वेगळीच.

पाठवणीचे कपडे हवेत. शिंप्याला वेळ नाही आणि माझ्यापाशी कापड नाही. तुझ्या पेटीतले खण सगुणेचेच, असं तू नेहमी म्हणतेस. तेवढे शिवून दिलेस तर भावाचा भार हलका होईल. लोभ जसा आहे तसाच राहू द्यावा, हे मागणं.

हरिहर

*

ठाणे, कार्तिक व. ११

चि. हरिहर यास अक्काचे अ. उ. आ. तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण सासूबाईंना कूस बदलून द्यायची, पेज भरवायची, पुन्हा कूस बदलायची, यात दिवस कधी उगवला आणि कधी बुडाला ते समजत नाही. त्या तरी काय करतील बिचाऱ्या. पण मी थकले रे.

मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. तू विचारलं नाहीस, खण मागितलेस. मी सासरी आले तेव्हा मीही दहाचीच होते. तू पाळण्यात होतास, तुला आठवायचं कारण नाही.

पेटी उघडली. सव्वीस वर्षांचे खण आहेत. हळदीकुंकू असो, बारसं असो, कोणाची मंगळागौर असो, माझी ओटी भरताना दर बाईच्या तोंडी एकच आशीर्वाद. ओटीतले नारळ आम्ही खाल्ले, तांदूळ शिजवले. आशीर्वाद कुठे गेला देव जाणे, खण तेवढे राहिले. हिरवे, जांभळे, डाळिंबी, काहींच्या घड्या इतक्या जुन्या की तिथे रंग उडाला आहे. खाली मांजरपाटाचं एक ठाण आणि थोडं चीट आहे. इकडून मागे स्वस्तात मिळालं म्हणून आणणं झालं होतं. परकरांना ते होईल. शिवायची परवानगीही इकडून लगेच मिळाली. मला अक्षरं शिकवली त्याच दिवशी ही बाई ऐकणारी नाही हे कळून चुकलं होतं, असं वर हसून सांगितलं.

आता माप पाठव. सगुणेच्या अंगाला नीट बसणारी एक चोळी धोंडीबाबरोबर दे. तो इथे कचेरीत शिपाई आहे आणि दर आठवड्याला ठाकुर्लीस घरी जातो, तुझ्याकडे वाकडी वाट करून येईल. तू स्वतः माप घेण्याच्या भानगडीत पडू नकोस. लहानपणी बंडीचे बंद वरखाली बांधून गावभर फिरायचास, ते मी विसरले नाही.

तब्येतीस जप. आठवण ठेवतोसच, ती कागदावरही उतरवत जा.

अक्का

*

कल्याण, मार्गशीर्ष शु. ३

तीर्थरूप सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि. धोंडीबा आला होता, पण हात हलवत परत गेला. सगुणेच्या चोळ्यांत मापाजोगी एकही नाही. बायजा त्या दगडावर अशा आपटते की शिवण राहते आणि कापड जातं. उरलेल्या दोन तिच्या आईच्या चोळ्या कापून केलेल्या आहेत, त्यांना कसलंच माप नाही.

आणि मापाचं एवढं काय घेऊन बसलीस? पोर आता लहान राहिली नाही. पहाटे उठून दळण दळते, सकाळचा दोघांचा स्वयंपाक उरकते, पाणी भरते. शाळेत जाते तेवढीच काय ती पोरकट. घर सांभाळण्याजोगी झाली, बाईमाणूसच झाली म्हण ना. बाईमाणसाला बसेल असं बेत आणि वर थोडं वाढत्या अंगाचं ठेव, म्हणजे झालं. तुझ्या हाताला मी काय सांगणार!

सासूबाईंना नमस्कार. हातून काही चुकत असलं तर पोटात घाल.

हरिहर

*

ठाणे, पौष व. ९

चि. हरिहर यास अ. उ. आ. धोंडीबाबरोबर गाठोडं पाठवलं आहे. बारा चोळ्या, चार परकर, चिटाची दोन पोलकी, आणि चिंध्या जोडून एक दुलई. दीड महिना दुपारची पाठ टेकली नाही. सासूबाई झोपल्या की सुई आणि त्या जागल्या की सुई खाली. डोळ्यांना आता एकाचे दोन टाके दिसतात.

सगळं तू कळवलंस त्याच मापाने बेतलं आहे, एक बोटही इकडेतिकडे नाही. नेसवून बघ आणि काय ते लिही. इथून वाट पाहते आहे, एवढंच समज.

अक्का

*

कल्याण, माघ शु. ८

तीर्थरूप सौ. अक्कास न. वि. वि. आज नमस्कार लिहितानाही राग आवरत नाही. तू हे काय केलंस?

विहीणबाई काल बैलांच्या दमणीतून स्वतः आल्या होत्या, सुनेला न्यायला. गाठोडं मी तोवर सोडलं नव्हतं, म्हटलं त्यांच्यासमोरच सोडू, आपल्या अक्काचं शिवण बघू देत. बायजेने सगुणेला आत नेऊन डाळिंबी चोळी घातली आणि बाहेर आणली. अक्का, चोळी खांद्यांवर ठरेना. बाह्या कोपराखाली लोंबत होत्या, पुढची गाठ मारली तर ती पोटावर आली. परकर पायांत घोळत होता म्हणून एका हाताने तो धरलेला, दुसऱ्या हाताने चोळी धरलेली. विहीणबाईंच्या पाया पडायला वाकली, तर चोळी पुढे गळून नुसता छातीचा पिंजरा दिसायला लागला. दुसरी घातली, तिसरी घातली. बाराच्या बारा तशाच. जन्मात इतका खजील झालो नव्हतो.

विहीणबाईंनी आपल्या ठणकणाऱ्या बोटांनी सगुणेची चोळी मागून चिमटीत धरून ताणून बघितली. चिमटीत आणखी एक पोर मावली असती. बायजेला त्या म्हणाल्या की, मी सून न्यायला आले होते, हे तर दुधाच्या दातांचं पोर आहे. मला म्हणाल्या की, ह्या चोळ्या हिच्या अंगाला होतील त्या दिवशी निरोप करा, गाडी पाठवते, पण मग एक दिवसही थांबणार नाही. गूळपाणीही न घेता गेल्या.

एवढे चांगले खण वाया घालवलेस. तुझे डोळे गेले, की माझं पत्र वाचलं नाहीस? दारात उभा राहून मी त्या पोरीकडे बघत होतो. ती मला विचारत होती की, बाबा, माझं काही चुकलं का? तिला काय उत्तर द्यायचं ते तरी कळव.

हरिहर

*

ठाणे, माघ शु. १२

चि. हरिहर यास अ. उ. आ. डोळे गेले आहेत खरे, पण इतके नाहीत. तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. त्यात पोर बाईमाणूस झाली असं होतं. मी बाईमाणसाच्या मापाने बेतलं. तुझ्या शब्दांना कापड नेसवून तुझ्यासमोर उभं केलं, बाकी काही केलं नाही.

तुला कधी सांगितलं नाही, कारण भावाला सांगायच्या गोष्टी नव्हेत. आता सांगते. दहाव्या वर्षी आले. तेराव्या वर्षी दिवस गेले. अंग भरलेलं नव्हतं, कंबर रुंदावलेली नव्हती. तीन दिवस अडले. मुलगा झाला, तो रडलाच नाही. सुईणीने त्याला कापडात गुंडाळून बाहेर नेलं आणि मला म्हणाली की, पोरी, पुढल्या वर्षी. पुढलं वर्ष आलंच नाही. सगळ्या बाया मात्र ओटी भरत राहिल्या. माझ्या पेटीत खण का साठले, हे आता तुला समजलं असेल.

ह्या घरातली माणसं वाईट नव्हती, शहाडचीही नसतील. विहीणबाईंनी पोरीकडे नीट बघितलं, हे त्यांचे उपकार मी मानते. त्यांनाही कधी कोणी दहाव्या वर्षी गाडीत बसवलं असेल. तू मात्र बघत नव्हतास. तू दमला होतास, आणि दमलेल्या माणसाला घरातलं दहा वर्षांचं पोरसुद्धा कर्तं वाटतं. मला का कळत नाही ते? दमण्यात मी तुझी थोरली बहीण आहे.

सगुणेला सांग की तिचं काही चुकलं नाही. आत्या मोठं शिवून बसली. रागाने का होईना, पत्र पाठवत राहा.

अक्का

*

कल्याण, श्रावण व. ५, शके १८११

तीर्थस्वरूप सौ. आत्याबाईंस सगुणेचा कृ. सा. न. वि. वि. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. मास्तरांनी मायना सांगितला, पुढचं माझं. मी तिसऱ्या पुस्तकात गेले. बाबा खुशाल आहेत. ते आता सकाळचं पाणी मला भरू देत नाहीत, स्वतः भरतात आणि सांडतात.

तुमच्या चोळ्या फार सुंदर आहेत. मला जांभळी सर्वांत आवडते. शहाडहून दर महिन्याला आवडाबाई म्हणून म्हातारी येते, ती मला चोळी घालून बघते आणि सासूबाईंना जाऊन सांगते. पहिल्यांदा ती हसली. पण ह्या खेपेस म्हणाली की, बाह्या आता भरत आल्या, दिवाळीपर्यंत पाठही भरेल.

म्हणून मी जेवण कमी केलं आहे. कोणाला सांगू नका. भात एक मूद घेते. भाकरी बायजेच्या शेळीला घालते. शेळी फार जाड झाली आहे. बायजा म्हणते, शेळीला दिवस गेले असतील. मला हसू येतं. कधी कधी शाळेत डोळ्यांपुढे अंधारी येते, पण पाटीवर डोकं ठेवलं की जाते. आत्याबाई, तुम्ही चोळ्या ह्याच्यासाठीच मोठ्या केल्या ना? मी तुमचं काम बिघडू देणार नाही.

सासूबाई वाईट नाहीत. त्यांनी मला खडीसाखर पाठवली होती. तीही शेळीला दिली.

मोठ्यांचे आशीर्वाद घेणारी, आपली
सगुणा

*

ठाणे, श्रावण व. ८

चि. सगुणेस आत्याचे अ. उ. आ. तुझं अक्षर तुझ्या बापापेक्षा चांगलं आहे. पत्र वाचलं आणि सासूबाईंची पेज चुलीवर करपली. त्या ओरडत होत्या, मला उठवेना. शेवटी इकडून पातेलं उतरवणं झालं.

बाळे, चोळ्या मी मोठ्या शिवल्या त्या तुझ्या बापाने तुझ्याकडे बघावं म्हणून. तू उपाशी राहावंस म्हणून नव्हे. हे तुला तेव्हाच नीट सांगायला हवं होतं, ते राहिलं. चूक माझी. मोठी माणसं आपापसांत भांडतात आणि पोरांना निम्मंच सांगतात.

आता ऐक. भात पोटभर घ्यायचा, वर तूप मागून घ्यायचं. भाकरी तुझी, शेळीला बायजा बघून घेईल. उंच हो, जाड हो, तुला हवी तेवढी वाढ. आवडाबाईच्या फेरीआधी जी चोळी अंगाला होत आली असेल ती धोंडीबाबरोबर माझ्याकडे धाड. त्याच रंगाची, दोन बोटं मोठी अशी चोळी मी उलट पाठवीन. पेटीत अजून वीसच्या वर खण आहेत आणि बायका माझी ओटी भरायच्या थांबलेल्या नाहीत. तू पंधरा-सोळा वर्षांची होईपर्यंत कापड पुरेल. सुईत दोरा इकडून ओवून देणं होतं, टाके मी घालते.

हे पत्र बाबांना दाखव, लपवू नकोस. पुढच्या खेपेला चोळी त्यांनीच आपल्या हाताने गाठोड्यात बांधून द्यायची, असं आत्याने सांगितलं म्हणावं.

मला मोठं पत्र नको. आज काय जेवलीस आणि किती जेवलीस, एवढंच उलट टपाली लिही. रोज लिही.

तुझी आत्या