न्हाणीघराचं दार आणि दिल्लीचं बजेट

अंबरनाथ (पूर्व), रविवार सकाळ

चिरंजीव प्रमोद यास, धोंडिबाकाकाचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या काकूचे गुडघे जिना चढताना बोलतात, उतरताना गप्प असतात. दिल्लीची थंडी पडायच्या आत कानटोपी काढून ठेव. तू शिक्षणाच्या कचेरीत आवक-जावक बघतोस म्हणून हे तुलाच लिहितो. (तिथे तुझं कोणी ऐकत नाही, ठाऊक आहे. माझं इथे तरी कोण ऐकतं?)

आपल्या नातीच्या, मनालीच्या शाळेच्या समितीवर मी 'शिक्षणप्रेमी' सदस्य आहे, हे मागे कळवलं होतं. गेल्या वर्षी शाळेत काय आहे, काय नाही, याचा दिल्लीला जाणारा फॉर्म भरायचा होता. मुलींच्या शौचालयाला दार नव्हतं. तपासायला साहेब येणार म्हटल्यावर आम्ही तेच केलं जे घरात मुलगी बघायला पाहुणे आले की करतो. खुर्च्या उसन्या, कुंड्या उसन्या. मी तर आमच्या न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांसकट उचकटलं आणि टेम्पोत आडवं घालून शाळेत नेऊन बसवलं. एका दिवसापुरतं. साहेब खूष झाले. मुख्याध्यापिका सुरुचीबाईंनी (सरळ बाई, नाइलाजाने) फॉर्मात 'चालू स्थितीत' असं भरलं.

मग एक फेब्रुवारीला मी वही घेऊन टीव्हीसमोर बसलो. शिक्षणाचा आकडा आला नि गेला, शौचालयाचं नाव नाही. वाचनालयात बसून शोधलं तेव्हा उमगलं. शाळेचा फॉर्म जिल्ह्याला, जिल्ह्याचा आराखडा राज्याला, राज्याचा दिल्लीला. तिथे मंडळ बसतं आणि फॉर्मात जे 'नाही' असेल त्याचा विचार करतं. अर्थखातं आधीच सांगून ठेवतं की एवढ्यातच भागवा. मंजूर झालं तरी शंभरातले साठ केंद्राचे, चाळीस राज्याचे. गेल्या वर्षीचे पैसे ताटात उरले तर यंदा वाढताना हात आखडतो. संसदेत दोन-चार खात्यांवर चर्चा होते, बाकीच्यांना एका दमात 'हो'. एवढ्या चाळण्यांतून आमचं दार जायचं होतं, आणि आम्हीच लिहून दिलेलं की दार आहे! पाहुण्याला उसनं ताट दाखवावं, पण डॉक्टरला आपलीच जीभ दाखवावी लागते.

तू म्हणशील, दार त्याच दिवशी परत का नाही आणलं? दुसऱ्या दिवशी पाना-पेचकस घेऊन गेलो होतो. मनाली मैत्रिणींबरोबर तिथेच उभी. म्हणाली, "आजोबा, मग उद्यापासून आम्ही परत आळीपाळीने ओढणी धरायची का?" पेचकस खिशात घालून घरी आलो. तेरा महिने झाले, न्हाणीघराला काकूचं जुनं लुगडं लावलंय. आत मी असलो की खोकतो, ती असली की तांब्या वाजवते. एकदा दोघंही गप्प होतो, तो किस्सा पत्रात लिहिण्यासारखा नाही.

आता यंदाचा फॉर्म आलाय. खरं लिहायचं तर 'दार नाही', आणि ते खरं करायला दार काढावं लागेल. पैसे येईतो मनालीची सातवी उरकेल. बाई म्हणतात, "काका, खोटं मी पुन्हा भरणार नाही." काकू म्हणते, "दाराला हात लावलास तर जेवायला शाळेतच जा." फॉर्मात 'आहे' आणि 'नाही' एवढंच आहे. तुझ्या साहेबांच्या कानावर घाल की तिसरा रकाना हवा: 'आहे, पण शाळेचं नाही'.

सर्वांना आशीर्वाद.

तुझा,
धोंडिबाकाका

ता. क. रकान्याचं सावकाश होऊ दे. तुझ्या बदलापूरच्या बंद फ्लॅटमधलं न्हाणीघराचं दार तसं कोणाच्याच उपयोगाचं नाही. चावी माझ्याकडे आहेच. होकार कळव.

आणखी ता. क. ते दार कालच आणून आमच्या न्हाणीघराला बसवलं. खर्च आधी आणि मंजुरी मागाहून, अशीही सोय संसदेत आहे, मी वाचलंय. चार बोटं आखूड पडलं, खालून पाय दिसतात. काकू म्हणाली, असू दे, मागितलं तेवढं कोणाला मिळतं?